लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, पण सनदीला पैसे नव्हते : बाबासाहेबांची वकिली एका हातउसन्यावर सुरू झाली

मुंबई-आग्रा रोडवर धुळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक किल्ला आहे. शिरपूरच्या दिशेनं निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. मालेगावच्या दिशेनं निघालं की दहाएक किलोमीटरवर लळिंग.

दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यावर खानदेशातून माणसं जमतात. पावसाळ्याचे दिवस, हिरवागार डोंगर आणि निळे झेंडे.

कारण एवढंच, की १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याला आले होते आणि त्यांचा मुक्काम या बंगल्यात होता.

पण ते धुळ्याला कशासाठी आले होते? सभा होती, परिषद होती, असं वाटेल. तर तसं नव्हतं. ते कोर्टाच्या कामासाठी आले होते. तेव्हा ते आमदार होते, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते, पण धुळ्याच्या कोर्टात उभं राहण्याचा हक्क त्यांना यातल्या कशानंही दिलेला नव्हता. तो दिला होता वकिलीच्या सनदीनं.

आणि ही सनद घ्यायला त्यांच्याकडे पैसे नव्हते.

गोष्ट १९२३ सालची आहे. बाबासाहेब ३२ वर्षांचे होते. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून झालं होतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. झाली होती. २८ जून १९२२ रोजी ग्रेज इनमधून बॅरिस्टरही झाले होते. एवढं शिकलेली माणसं तेव्हा अख्ख्या मुंबई इलाख्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील.

पण बॅरिस्टर झालं म्हणजे लगेच मुंबईच्या हायकोर्टात उभं राहता येत नसे. हायकोर्टाच्या पटावर नाव चढवावं लागे, आणि १८९९ च्या स्टॅम्प कायद्यानुसार वकील म्हणून नाव चढवायचं तर ५०० रुपयांचा स्टॅम्प लागे.

५०० रुपये हा आकडा आज किरकोळ वाटतो. तेव्हा तो किती होता? बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, तेव्हा त्यांचा महिन्याचा पगार ४५० रुपये होता, आणि तो पगार त्या काळात भरभक्कम मानला जायचा. म्हणजे मोठ्या पगारदारासाठीही महिन्याभराहून जास्त कमाई. पण ती नोकरी तर १९२० मध्येच सोडलेली. आता हातात पगार नाही, वकिली सुरू झालेली नाही आणि ती सुरू करायलाच पैसे हवेत.

स्वतःचा धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येक तरुणाला हा पेच माहिती असतो. कमाई सुरू होण्यासाठी आधी थोडे पैसे लागतात, आणि कमाई नाही म्हणून ते पैसे कोणी देत नाही.

हे पैसे कुठून आले, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागतं.

उसनवारी बाबासाहेबांच्या घराला नवी नव्हती. वडील रामजी सकपाळ लष्करातले निवृत्त सुभेदार. घर पेन्शनवर चालायचं आणि पोराला पुस्तकांचं वेड. पोरानं नवं पुस्तक मागितलं की रामजी बाहेर पडायचे, ते थेट लग्न झालेल्या धाकट्या लेकीच्या घरी. तिच्याकडे दोन-चार रुपये असले तर ती द्यायची. नसले तर मोर्चा थोरल्या लेकीकडे. तिच्याकडेही रोकड नसायची, मग ती अंगावरचा एखादा दागिना काढून द्यायची. तो दागिना मारवाड्याकडे गहाण पडायचा आणि पुस्तक घरी यायचं. पेन्शन झाली की दागिना सोडवून लेकीला परत.

या व्यवहारात रामजींकडे दोन गोष्टी होत्या. गहाण ठेवायला दागिना आणि फेडीची खात्री देणारी पेन्शन. या दोन्ही गोष्टी असल्या की सावकार जात विचारत नाही. त्याचा हात सोन्यावर असतो.

बाबासाहेबांच्या वाट्याला जे आलं, त्यात यातलं काहीच नव्हतं.

२ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. करार असा, की शिक्षण झाल्यावर १० वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. कोलंबियात लिव्हिंग्स्टन हॉल नावाच्या वसतिगृहात त्यांना खोलीसोबती मिळाला, नवल भथेना नावाचा पारशी तरुण. दोघांची जी गट्टी जमली, ती कायमची. हे नाव लक्षात ठेवा.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परत यावं लागलं. करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. पण राहायचं कुठे? हिंदूंच्या खानावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक होतं. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव लावून, दिवसाला दीड रुपया भाड्यानं ते राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन दारात उभे. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची. दोन ओळखीच्यांकडे विचारलं, दोघांनी सबबी सांगितल्या. मुंबईच्या रात्रीच्या गाडीला वेळ होता, तो त्यांनी बडोद्याच्या बागेत बसून काढला.

नोकरी गेली. आता पोट स्वतःच्या बळावर भरायचं.

मुंबईत त्यांनी दोन पारशी मुलांची शिकवणी धरली. मग एक धंदा काढला. शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना सल्ला देण्याचा. आज ज्याला आपण गुंतवणूक सल्लागार म्हणतो, तोच. शंभरएक वर्षांपूर्वी, कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसानं. धंद्याला भांडवल फारसं नको, ज्ञान हवं, आणि ते त्यांच्याकडे भरपूर होतं. सुरुवातीला गिऱ्हाईकं यायलाही लागली.

आणि मग गिऱ्हाइकांना कळलं की सल्ला देणारा अस्पृश्य आहे. धंदा बसला.

इथं जरा थांबायला हवं. हा सल्ला चुकला होता का? नाही. कोणाचे पैसे बुडाले होते का? तसंही नाही. सल्लागाराचा धंदा विश्वासावर चालतो, आणि विश्वास ठेवायचा की नाही हे माणसाच्या कामावरून ठरत नव्हतं. जो बाजार सोनं गहाण ठेवल्यावर जात विचारत नव्हता, तोच बाजार सोनं नसलं की पहिल्यांदा जातच विचारत होता.

गंमत अशी, की याच काळात, १९१८ मध्ये, बाबासाहेबांचा एक लेख अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. विषय होता भारतातली छोटी शेती. तेव्हाचे तज्ज्ञ म्हणत, शेताचे तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब आहे. बाबासाहेबांचं म्हणणं वेगळं होतं. तुकडा लहान की मोठा हे जमीन मोजून ठरत नाही, त्या जमिनीवर लावायला बैल, अवजारं, भांडवल किती आहे यावरून ठरतं. जमीन आहे पण भांडवल नाही, ही खरी अडचण. शेतकऱ्याबद्दल लिहिलेलं हे वाक्य लिहिणाऱ्यालाही तंतोतंत लागू होतं. डोकं होतं, भांडवल नव्हतं.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगार चांगला, पण तो खर्च करायचा नाही हे आधीच ठरलेलं. लंडन विद्यापीठानं अपुरं शिक्षण पुरं करायला चार वर्षांची मुभा दिली होती, आणि तो घड्याळाचा काटा फिरत होता. घरात पत्नी रमाबाई, मुलगा, कुटुंबातली इतर माणसं. परळच्या चाळीतला संसार रमाबाईंनी काटकसरीनं रेटला आणि पगारातून शिल्लक पडत गेली.

१९२० च्या जुलैत बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. खिशात तीन ठिकाणचे पैसे होते. स्वतःची शिल्लक. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेले १,५०० रुपये. आणि नवल भथेनांकडून कर्जाऊ घेतलेले ५,००० रुपये.

५,००० म्हणजे सिडनहॅमचा जवळजवळ वर्षभराचा पगार. मित्रानं ते मित्राच्या शब्दावर दिले. ज्या समाजातल्या माणसांनी बडोद्यात काठ्या दाखवल्या, त्याच समाजातल्या एका माणसानं हे केलं. फरक काय होता? बडोद्याच्या पारशांना फक्त जात माहिती होती. नवल भथेनांनी आंबेडकरांसोबत एका छताखाली दिवस काढले होते.

लंडनमध्ये पैसे कसे पुरवले याच्या कहाण्या बऱ्याच जणांना माहिती आहेत. सकाळी पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय, रात्री पुन्हा जेमतेम काहीतरी. पण एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. नुसत्या काटकसरीनं भागणार नव्हतं, कारण त्यांचे पैसे रुपयात होते आणि खर्च पौंडात.

१९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांपेक्षा जास्त मिळत होते. सरकारनं दोन शिलिंगांचा भाव बांधून धरायचा प्रयत्न केला, तो फसला. १९२१ मध्ये भाव घसरून एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली आला. म्हणजे दीड वर्षापूर्वी जेवढ्या रुपयांत जेवढे पौंड यायचे, त्याच्या दोन-तृतीयांशही आता येईनात.

आणि त्यावेळी बाबासाहेब ज्या प्रबंधावर काम करत होते, त्याचा विषय काय होता? रुपयाचा प्रश्न. सरकार रुपयाचा भाव कसा ठरवतं आणि त्यात कोणाचं नुकसान होतं, हाच.

सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड मागितले. मागताना ते कर्ज म्हणूनच मागितले, परत करण्याच्या बोलीनं. मदत आणि कर्ज यातला फरक ते कटाक्षानं पाळत. मे १९२२ मध्ये शाहू महाराजांचं निधन झालं आणि तो आधार गेला. मग पुन्हा नवल भथेनांना पत्रं. वारंवार त्रास द्यावा लागतो याची खंत त्या पत्रांत दिसते. पैसे मागणं त्यांना सोपं जात नव्हतं. कोणालाच जात नाही.

१९२३ च्या मार्चमध्ये आणखी एक फटका बसला. ब्रिटिशांच्या चलन धोरणावरची टीका परीक्षकांना रुचली नाही, प्रबंधात बदल करून पुन्हा सादर करा असं सांगण्यात आलं. लंडनमध्ये थांबायला पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. प्रबंध दुरुस्त करायचा बाकी, नवलचं जुनं कर्ज बाकी आणि समोर सनदीचे ५०० रुपये.

आता कोणाकडे जायचं?

बँकेकडे? तारण ठेवायला घर नाही, जमीन नाही. सावकाराकडे? तो दागिना मागणार. समाजाकडे? समाजातली बहुतेक माणसं गिरणीत, गोदीत, नाहीतर गावकीच्या कामात. त्यांच्याकडे ५०० रुपये कुठून येणार? ज्यांच्याकडे एवढी रोकड होती, त्यातल्या बहुतेकांना शेजारी बसणंही चालणार नव्हतं. आज मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देणारी ॲप आहेत आणि त्यांच्या व्याजाच्या, वसुलीच्या कहाण्याही आहेत. पण तेव्हा आणि आता, घाईच्या छोट्या कर्जाचा पहिला प्रश्न एकच असतो. तुम्हाला ओळखतं कोण?

नवल भथेना ओळखत होते. आधीचे पैसे बाकी असताना त्यांनी सनदीसाठी पुन्हा ५०० रुपये दिले.

व्यवहारी माणसानं हे केलं नसतं. जुनी उधारी फिटल्याशिवाय नवी द्यायची नाही, हा दुकानदारीचा साधा नियम. पण भथेनांचा हिशोब बहुधा असा असावा, की हा माणूस कमवायला लागला तरच जुनं फिटेल आणि तो कमवायला लागावा म्हणूनच हे नवं द्यायचं. असा विचार करणारा सावकार मिळायला नशीब लागतं.

१९२३ च्या पावसाळ्यात बाबासाहेबांनी हायकोर्टात वकिली सुरू केली.

म्हणजे अडचणी संपल्या का? अजिबात नाही. हायकोर्टाच्या मूळ शाखेत, जिथं बड्या व्यापाऱ्यांचे दावे चालत, तिथं बॅरिस्टरला अशील थेट भेटत नसे. काम सॉलिसिटरकडून यायचं. आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम पाठवायला तयार नव्हते. शेअर बाजारात जे झालं तेच इथं. फरक एवढाच, की सनद मिळाल्यावर ती जातीवरून काढून घेता येत नव्हती.

मग त्यांनी अपिलांची आणि जिल्ह्याच्या कोर्टांतली कामं घेतली. अशील बहुतेक गरीब, फी बेताची, कधी तीही नाही. कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये. जमेची बाजू भरून काढायला जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या संस्थेत हिशेबनीस होणाऱ्या मुलांना व्यापारी कायदा शिकवला. वकिली, शिकवणी आणि लेखन अशी तीन चुलींवर भाकरी. एकट्यानं धंदा करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मधल्या काळात तो अडकलेला प्रबंधही मार्गी लागला. मुंबईत बसून दुरुस्त केला, लंडनला पाठवला, १९२३ संपायच्या आत डी.एस्सी. पदवी मिळाली. १९२५ मध्ये चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे साक्ष देताना ते तज्ज्ञ म्हणून बसले होते. दोनच वर्षांपूर्वी या तज्ज्ञाला ५०० रुपये उसने घ्यावे लागले होते.

वकिलीत नाव झालं ते १९२६ मध्ये. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून पुण्यात बागडे, जेधे, जवळकर यांच्यावर खटला भरला गेला. बाबासाहेबांनी बचाव केला आणि तो जिंकला. पण त्याच वर्षी जुलैत त्यांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. आधीही मुलं गेली होती. त्या घरानं काय काय सोसलं, त्याचा हिशोब रुपयांत होत नाही.

पुढं पैसे येऊ लागले, तरी पैशानं सगळं मिळतं असंही नव्हतं. याचा दाखला खानदेशातलाच आहे.

ऑक्टोबर १९२९. सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात चौकशीला आले होते. काम आटोपून धुळ्याच्या लाईनवरच्या एका गावातल्या बहिष्काराची माहिती घेऊन ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवरून वस्तीवर जायचं होतं. भाडं द्यायला लोक तयार होते, पण एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवायला तयार नव्हता. अखेर तोडगा निघाला. टांगा भाड्यानं मिळेल, हाकणारा मिळणार नाही. मग वस्तीतल्याच एकानं लगाम धरले. त्यानं आयुष्यात टांगा हाकला नव्हता. मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि पायाचं हाड मोडलं.

बॅरिस्टर, डॉक्टरेट, सरकारी समितीचा सदस्य. खिशात भाडं. आणि टांगेवाला नाही.

यानंतर आठ वर्षांनी ते याच चाळीसगाववरून रेल्वेनं धुळ्याच्या कोर्टात आले, तेव्हा त्यांना बघायला गर्दी लोटली होती.

याच सुमारास त्यांच्या राजकारणातही जुना विषय परत आला. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. जाहीरनाम्यात इतर मागण्यांसोबत भू-तारण बँका आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांची मागणी होती. शेतकऱ्याला भांडवल हवं, हे १९१८ च्या लेखातलंच म्हणणं. फक्त आता ते विधिमंडळात मांडायची सोय झाली होती. प्रत्येकाला नवल भथेनासारखा मित्र असत नाही, आणि ज्यांना नाही त्यांच्यासाठी संस्था लागतात.

बाबासाहेबांच्या पुस्तकांच्या अर्पणपत्रिका एकापुढे एक ठेवून बघण्यासारख्या आहेत. १९२३ च्या डिसेंबरात आलेलं रुपयावरचं पुस्तक आई-वडिलांना अर्पण केलेलं आहे, शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाची आठवण ठेवून. १९२५ चं प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक सयाजीरावांना, शिक्षणाच्या मदतीबद्दल. १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावरचं पुस्तक आलं. तोवर रमाबाईंना जाऊन पाच वर्षं झाली होती. ते पुस्तक त्यांनी आपल्या रामूच्या स्मृतीला दिलं आणि ओढगस्तीच्या दिवसांत तिनं न कुरकुरता दिलेल्या साथीची नोंद त्यात करून ठेवली.